नको तिथे हवा, हवी तिथे नाही

घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स कारबद्दल या वेळी नागपूर परिसरातून आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: गाडी गरम होते. इंजिन कोणाचं, बॉडी कोणती, हे वेगवेगळं. पण दोष फिरून फिरून दोनच जागी सापडतो. एकतर पाईपच्या आत हवा अडकलेली असते, नाहीतर रेडिएटरच्या जाळीतून हवा जात नसते. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढू नका. खाली जिथे ‘चालवून पाहा’ म्हटलंय ते स्वतःच्या आवारात.

प्रश्न: फोर्डच्या जीटी४० या रेसिंग गाडीच्या धर्तीची फायबर बॉडी, सीटच्या मागे मारुती एस्टीमचं १,२९८ सीसीचं इंजिन, रेडिएटर नाकात. पाच वेळा पाणी भरून झालं. सात लिटर जातं आणि पाण्याची टाकी भरते. चालू केलं की दहा मिनिटं तापमानाचा काटा ठीक, मग एकदम वर. कधी एकदम खालीही येतो. इंजिन तापलेलं, रेडिएटरकडून इंजिनकडे येणारा खालचा होज (रबरी नळी) मात्र थंडगार. पंप नवा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) नवा. काहून होत असेल असं? (हिंगणा रोड)

उत्तर: खालचा होज थंड, म्हणजे रेडिएटरमधून पाणी फिरतच नाही. पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलता येत नाही. इंजिनच्या डोक्यात हवा बसली की पंप जागच्या जागी घुसळत राहतो. काट्याचे चाळेही त्यातलेच. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं तापमान दाखवतो. वाफेत उघडा पडला की त्याचा भरवसा नाही. काटा एकदम खाली आला म्हणून खूश होऊ नका, लगेच इंजिन बंद करा.

आधी हिशेब मांडा. पाईपचा बाहेरचा व्यास ३२ मिमी आणि जाडी १.५ मिमी असेल तर आतला व्यास २९ मिमी होतो, म्हणजे मीटरला ०.६६ लिटर. नाकापासून इंजिनपर्यंत जायचा-यायचा मिळून साडेसहा मीटर पाईप धरला तर त्यातच ४.३ लिटर मावतं. रेडिएटर सोडून, तोंडं बंद करून मगाने भरून मोजा. समजा तो तीन लिटरचा निघाला आणि इंजिन व टाकी मिळून आणखी चार, तर एकूण ११ लिटरच्या वर जायला हवं. तुमच्यात सात गेलं. उरलेली चार लिटर हवा आहे. खरा आकडा मोजून टाकीवर मार्करने लिहून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी कामाला येतो.

आता हवा बाहेर का येत नाही ते पाहू. मूळ जीटी४०चं नावच तिच्या ४० इंच उंचीवरून पडलं. एवढ्या बुटक्या गाडीत इंजिनच्या वर टाकी ठेवायला जागा उरत नाही, मग बांधणारा ती बाजूला, थोडी खाली सरकवतो. घोटाळा तिथे होतो. टाकीचा तळ थर्मोस्टॅटच्या घरापेक्षा आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यापेक्षाही वर असला पाहिजे. सुतार वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, एक टोक टाकीशी, दुसरं इंजिनच्या सर्वांत उंच जागेशी धरा. कोण वर आहे ते लगेच कळतं. दोन बोटं कमी पडत असतील तर टाकीचा ब्रॅकेट पुन्हा बनवा. यात तडजोड चालत नाही.

टाकीला तीन जोडण्या लागतात. तळातून १९ मिमीचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला. वरच्या भागात ६ मिमीच्या दोन बारीक नळ्या, एक रेडिएटरच्या सर्वांत उंच कोपऱ्यातून, दुसरी थर्मोस्टॅटच्या घराच्या माथ्यावरून. या नळ्या हवा नेण्यासाठी आहेत, पाणी नेण्यासाठी नाहीत. जाड नळी लावली तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट टाकीत येतं आणि नवीच कटकट सुरू होते. म्हणून त्यांच्या निपलमध्ये २ ते ३ मिमीचं भोक पुरे. नळ्या टाकीकडे जाताना कुठेही झोळ घेऊ नयेत. मोठा पाईप चेसिसच्या एखाद्या क्रॉस मेंबरवरून (आडव्या दांड्यावरून) उडी मारून जात असेल तर त्या उंचवट्यावर हवा सोडायचा ब्लीड निपल वेल्ड करून घ्या, नाहीतर पाईप मेंबरच्या खालून न्या.

भरताना घाई नको. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. थर्मोस्टॅटच्या प्लेटवर एक हलणारी छोटी पिन असते, ती वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. पिन नसेल तर प्लेटच्या वरच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडा. सगळे निपल सैल करून टाकीतून मिनिटाला लिटरभर या वेगाने ओता, मध्येमध्ये होज हाताने दाबत राहा. दाबलेला होज सोडताना टाकीत गुडगुड बुडबुडे वर येतात, ते थांबेपर्यंत दाबायचं. खालचा निपल आधी, वरचा शेवटी असे बंद करा. मग झाकण न लावता आयडलवर चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन उतरते. तेवढं भरून झाकण लावा आणि १,५०० ते २,००० आरपीएमवर खालचा होज गरम होईपर्यंत थांबा. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी पुन्हा बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्धा-पाऊण लिटर आणखी मागते, तो दोष नाही.

एवढं करूनही टाकीत बुडबुडे थांबत नसतील, इंजिन रेज केल्यावर वाढत असतील, तर ती हवा भरतानाची नाही. हेड गॅस्केटमधून (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलमधून) जळका गॅस पाण्यात येतोय. मग निपलशी झगडत बसू नका.

प्रश्न: इतवारीच्या लोहा ओळीत जीआय पाईप आणि एल्बो स्वस्त पडतात. थ्रेडिंग करून टेफ्लॉन टेप लावली तर नाक ते इंजिन लाईन होईल का? की सीपीव्हीसी? (वाठोडा)

उत्तर: दोन्ही नको. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड; त्या आतल्या जस्ताचं आणि ग्लायकॉलच्या कूलंटचं (पाण्यात मिसळतात त्या द्रवाचं) जमत नाही; जस्त सुटतं, गाळ होतो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. शिवाय आटे पाडलेला एल्बो थरथरीत सैल होतो. सीपीव्हीसी नळाच्या गरम पाण्यापुरता. दाबाखालचं शंभर अंशांच्या आसपासचं पाणी त्याचं काम नाही.

३२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पाईप घ्या, १.५ मिमी जाडीचा, किंवा ३०४ स्टेनलेस. स्टेनलेस जड, पण खालून दगड लागला तरी चेपत नाही. बेंडरवर वाकवलेला मोठा बाक बरा, कापून जोडलेले काटकोन नकोत. पूर्ण लांबी होजमध्ये करू नका, लांब होज उन्हाळ्यात मऊ पडून झोळ घेतो आणि झोळाच्या शेजारच्या उंचवट्यात हवा अडकते.

महत्त्वाचं काम पाईपच्या टोकाला आहे. गुळगुळीत टोकावरून होज कितीही आवळला तरी दाबाखाली एक दिवस सुटतो. टोकाला दीड-दोन मिमी उंचीची कडी हवी. बीडिंगचं हत्यार नसेल तर आर्गन वेल्डिंगवाल्याकडून टोकापासून ५ मिमीवर गोल फेरा मारून घ्या आणि कानशीने घासून मऊ करा. बोट फिरवल्यावर कुठे टोचू नये. होज किमान २५ मिमी चढवा, क्लिप कडीच्या लगेच मागे बसवा. कडीवर बसवली तर क्लिप होज कापते. सिलिकॉन होज असेल तर भोकं असलेली साधी क्लिप वापरू नका, रबर त्या भोकांतून वर येतं आणि चिरतं. आतून सपाट पट्टी असलेली क्लिप मागा.

प्रश्न: लोटस सेव्हन पद्धतीची उघडी गाडी. ब्रिटनच्या नकाशावरून तंतोतंत बनवली, रेडिएटरही त्याच मापाचा. उमरेडच्या बाजूला शेतात दीड किलोमीटरची सरळ पट्टी आहे. उभी असताना फॅनवर काटा ९० ला थांबतो. ६०–७० च्या वेगाने चार फेऱ्या मारल्या की १०५. उलटं व्हायला पाहिजे ना? (दिघोरी)

उत्तर: उभ्या गाडीत गरम होत असेल तर फॅन तपासायचा, पळताना होत असेल तर हवेची वाट तपासायची. तुमची केस दुसरी आहे. पण आधी ब्रिटनच्या मापाबद्दल.

रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर, तिथली हवा २० अंशांवर: फरक ७५. नागपूरच्या मे महिन्यात हवा ४५: फरक ५०. तोच रेडिएटर, तोच फॅन, काम दोन-तृतीयांश. नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) डांबराला लागून नाकात शिरणारी हवा याहून तापलेली असते. म्हणून नकाशातल्या रेडिएटरच्या दीडपट क्षेत्रफळ धरा. नाकात तेवढी जागा नसेल तर जाडी वाढवा, पण जाड कोअरमधून (रेडिएटरच्या जाळीच्या भागातून) हवा ढकलणं अवघड होतं. दुप्पट जाडीला दुप्पट फायदा मिळत नाही.

आता वाट. हवेला कष्ट आवडत नाहीत. जाळीतून घुसण्यापेक्षा तिला बाजूच्या फटीतून निसटणं सोपं. रेडिएटर आणि नाकाच्या मध्ये चारही बाजूंनी बोटभर फट असेल तर समोरून आलेली बरीच हवा कोअरला न शिवता निघून जाते. खिडकी आणि कूलरच्या मधली फट आपण पुठ्ठा-थर्माकोल लावून बंद करतो, तेच इथे करा: एक मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, पॉप रिव्हेट, आणि कडेला दारांना लावतात ती रबराची पट्टी. खालची बाजू विसरू नका, बहुतेक गाड्यांत तीच उघडी असते.

कूलरचं दुसरं तत्त्वही लागू आहे. खोलीची सगळी दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर नुसता दमटपणा. आलेली हवा जायला वाट लागते. तुमच्या बॉनेटखालून हवा कुठून निघते? इंजिनच्या खाली पूर्ण पत्रा मारलाय का? आत यायचं तोंड कोअरच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-तृतीयांश धरा. कोअर ५० बाय ३५ सेंमी म्हणजे १,७५० चौरस सेंमी, त्याला सुमारे ६०० चौरस सेंमीचं तोंड, म्हणजे ४० बाय १५. समोर शोभेची बारीक जाळी लावली असेल तर तिच्या तारा त्यातला बराच भाग खातात, तोंड तेवढं मोठं करा. बाहेर जायची वाट तोंडापेक्षा मोठी हवी, कारण गरम झालेली हवा फुगते. बॉनेटवर झरोके कापायचे तर पुढच्या भागात कापा. काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढतो, तिथल्या झरोक्यातून हवा उलटी आत येते.

हे सगळं कापाकापीचं काम करण्याआधी एक सोपी तपासणी. इंजिन गरम असताना ३,००० आरपीएमवर धरा आणि खालच्या होजकडे बघा. तो पंपाच्या ओढीने चपटा होत असेल तर वेगात पाणीच कमी पडतंय. आत स्प्रिंग असलेला किंवा कडक होज लावा, बॉडीला हात लावायची गरजच पडणार नाही.

प्रश्न: मेकॅनिक म्हणतो, नागपुरात थर्मोस्टॅटची गरज नाही, काढून फेका. (मानकापूर)

उत्तर: काढू नका. इंजिनात पाण्याची एक आडवाट असते. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची मागची चकती ही आडवाट बंद करते. तो काढला की आडवाट कायमची उघडी, आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता पुन्हा इंजिनात. गार व्हावी म्हणून काढलेला भाग गाडी तापवतो. शंका असेल तर पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर धरा. ८२ चा असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागून पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नसेल तर नवा घाला.

प्रश्न: इथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? बोअरचं पाणी चालेल का? आरओचं? एसीच्या नळीतून टपकणारं? (मनीषनगर)

उत्तर: बोअरचं नाही. मे संपताना कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा कडक थर नखाने खरवडावा लागतो, तोच थर सिलिंडर हेडच्या आत बसतो. तिथे नख पोचत नाही. आरओच्या पाण्यातही क्षार थोडे उरतात. एसीचं पाणी कॉइलवरची धूळ घेऊन येतं. दोन्ही आतून धुवायला वापरा, अखेरच्या भरणीला बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी.

कूलंट गोठू नये म्हणून नव्हे, गंजू नये म्हणून लागतो. नुसत्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचं हेड, लोखंडी बोल्ट आणि पितळी रेडिएटर एकत्र आले की गंज सुरू. पण ५०–५० मिश्रणाचीही इथे गरज नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं. एक भाग कॉन्सन्ट्रेट, दोन भाग पाणी पुरे: १२ लिटरला ४ आणि ८. याहून पातळ केलं तर गंजरोधक कमी पडतं. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, ते आधीच घातलेलं आहे. हिरवा आणि लाल एकत्र करू नका. नुसत्या रंगावरही जाऊ नका, डब्यावरचा प्रकार वाचा.

उकळी थोपवण्याचं काम मुख्यतः झाकण करतं. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८–११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर हा आधार गेला. याच कारणाने गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही: दाब सुटला की त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि वाफेसकट उकळतं पाणी अंगावर येतं.

काढलेला कूलंट अंगणात ओतू नका. तो गोडसर असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

प्रश्न: फॅन थेट स्विचवर जोडला. फिरतो, पण जोर नाही, आणि स्विच वितळला. (कामठी)

उत्तर: १५ अँपिअरचा फॅन, बॅटरी मागे, रेडिएटर पुढे, जाऊन-येऊन आठ मीटर वायर. एक चौरस एमएमची वायर असेल तर तिच्यातच दोन व्होल्ट संपतात, फॅनला दहा उरतात. चार चौरस एमएमची वायर घाला, नुकसान अर्ध्या व्होल्टवर येतं. ३०–४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) रेडिएटरजवळ बसवा: ३० नंबरला बॅटरीची वायर, ८७ ला फॅन, ८६ ला इग्निशनचा प्लस, ८५ थर्मो स्विचमधून अर्थला. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, वीतभरात; फॅनजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडली. थर्मो स्विच इंजिनच्या बाजूला असेल तर ९२ ला लागणारा आणि ८७ ला सुटणारा घ्या. ८२ च्या थर्मोस्टॅटला ८२ चाच स्विच लावला तर फॅन थांबणारच नाही.

जोर नसण्याचं दुसरं कारण म्हणजे फॅन उलटा फिरतोय. जाळीसमोर वहीचा कागद धरा. चिकटला तर ठीक, उडाला तर वायरी अदलाबदल करा.

प्रश्न: सगळं बसलं, गळत नाही. शेवटचं फिनिशिंग काय करायचं? (प्रतापनगर)

उत्तर: ‘गळत नाही’ हे थंड आणि बिनदाबाचं असेल. रेडिएटरवाल्याकडे झाकणाच्या जागी लावायचा हातपंप असतो. थंड इंजिनवर ०.९ बार भरा आणि १५ मिनिटं काटा बघा. काटा हलला तर प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर धरून फिरा, ओल डोळ्याला दिसण्याआधी कागदाला कळते. पहिल्या गरम फेरीनंतर गाडी थंड झाली की सगळ्या क्लिपा पाव फेरा आवळा. स्क्रूची डोकी स्क्रूड्रायव्हर पोचेल अशा बाजूला फिरवून घ्या. बॉडी चढल्यावर हे सुचून उपयोग नाही.

रेडिएटर चेसिसला थेट बोल्टने आवळू नका, खाली-वर रबरी बुश द्या; चेसिस पिळवटते, ती पीळ कोअरला जाऊ नये. पाईपला दर ४०–५० सेंमीवर रबर लावलेली पी-क्लिप. पत्र्यातून जातो तिथे ग्रोमेट. बोगद्यात पायाजवळून जाणाऱ्या पाईपवर एसीच्या कॉपर पाईपला चढवतात ती काळी फोमची नळी चढवा, नाहीतर मेमध्ये डावी पोटरी भाजते. पेट्रोलची लाईन या पाईपला चिकटून नेऊ नका, पेट्रोल तापून वाफ धरतं.

कोअरला रंग द्यायचा तर स्प्रेचा एक पातळ काळा हात. ब्रशने ऑइल पेंट मारलेले रेडिएटर दिसतात, त्यांच्या पंखांच्या फटी रंगाने भरलेल्या असतात.

शेवटची तपासणी मल्टिमीटरची, ती सहसा कोणी करत नाही. मायनस टोक बॅटरीच्या मायनसला, प्लस टोक टाकीतल्या कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. इंजिन थंडच असू द्या, झाकण उघडं ठेवून चालू करा. फॅन आणि दिवे एकेक करून लावा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक. फॅन लावताच ०.३ च्या वर उडी मारली तर त्याची अर्थिंग कच्ची आहे आणि करंट पाण्यातून वाट काढतोय. अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला असा करंट काही महिन्यांत सुईएवढी भोकं पाडतो. फॅनची मायनस वायर थेट बॅटरीपर्यंत आणा, इंजिन ते चेसिस जाड पट्टा टाका, पट्ट्याखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, आणि पुन्हा मोजा.